विश्लेषण : ‘शुगर किती?’ एवढाच प्रश्न पुरेसा आहे का? मधुमेही रुग्णाची तपासणी आणि शिक्षण म्हणजे नेमके काय?

रक्ताचा अहवाल पाहायचा, गोळी लिहून घ्यायची, ‘गोड बंद, भात कमी, रोज चाला’ हे ऐकायचे आणि बाहेर पडायचे. टाइप २ मधुमेहाचे निदान झालेल्या अनेकांची पहिली भेट अशीच संपते. मात्र पहाटे बदलापूरहून लोकल पकडणारा नोकरदार, अंबरनाथच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणारा कामगार आणि उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात दिवसभर शिलाई मशीनवर बसणारा कारागीर या तिघांची साखर एकच आली, तरी तिघांना सारखाच सल्ला लागू पडेल का? मधुमेही रुग्णाचे पूर्ण मूल्यमापन कसे होते, त्याला काय शिकवले जायला हवे आणि रुग्णाने स्वतः काय विचारायला हवे, याविषयी…

मधुमेहाचा आवाका किती मोठा?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) सहकार्याने झालेल्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणाचे देशव्यापी निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, तर सुमारे १३.६ कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. म्हणजे आज मधुमेही असलेल्यांपेक्षा त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले अधिक आहेत.

२०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास होती. त्यानंतर, विशेषतः अंबरनाथ आणि बदलापुरात, नवी गृहसंकुले झपाट्याने उभी राहिली. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर आहे. रोज येऊन-जाऊन तीन तास गाडीत, सकाळचा डबा धावपळीत आणि रात्रीचे जेवण दहानंतर, हा इथल्या हजारो घरांचा दिनक्रम आहे. मधुमेहाचे नियोजन याच दिनक्रमात बसवावे लागते.

निदान कशाच्या आधारे होते?

उपाशीपोटी साखर १०० मिलिलीटर रक्तामागे १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा त्याहून अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास मधुमेह मानला जातो. ठळक लक्षणे नसतील तर निदान एका अहवालावर न थांबता दुसऱ्या चाचणीने पक्के केले जाते. एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के असेल, तर ती मधुमेहपूर्व अवस्था.

एचबीए१सी म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचे प्रमाण. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे या चाचणीतून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४, तर ९ टक्के म्हणजे सुमारे २१२. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड टाळून उपाशीपोटीचा आकडा थोडाफार खाली आणता येतो, एचबीए१सी मात्र तसा फसत नाही. अर्थात त्यालाही मर्यादा आहेत. लोहाची कमतरता असल्यास तो प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो आणि सिकलसेलसारख्या आजारात चुकीचा येऊ शकतो. त्यामुळे ॲनिमिया असल्यास तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

बारीक माणसालाही मधुमेह कसा होतो?

‘माझे वजन तर कमीच आहे’ हा दवाखान्यात नेहमी ऐकू येणारा युक्तिवाद. त्याचे उत्तर पुण्यात सापडते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. भारतीय शरीर दिसायला सडपातळ असले, तरी आत, विशेषतः पोटाभोवती, चरबी अधिक साठवते, ही बाब या छायाचित्राने जगासमोर ठेवली.

त्यामुळेच भारतीयांसाठी मोजमाप वेगळे आहे. बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त मानले जाते आणि २५ पासून लठ्ठपणा. कंबर पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि महिलांमध्ये ८० सेंटिमीटरच्या आत असावी. वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेपही महत्त्वाचा ठरतो तो असा.

आपला धोका घरी मोजता येतो का?

हो. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २००५ मध्ये मांडलेला ‘इंडियन डायबिटीस रिस्क स्कोअर’ चार प्रश्नांवर चालतो. वय ३५ ते ४९ असल्यास २० गुण, ५० किंवा पुढे ३०. पुरुषांची कंबर ९० ते ९९ सेंटिमीटर (महिलांची ८० ते ८९) असल्यास १०, त्यापुढे २०. व्यायाम किंवा कष्टाचे काम यापैकी एकच असेल तर २०, दोन्ही नसतील तर ३०. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०.

समजा, ४२ वर्षांचा माणूस आहे. कंबर ९४ सेंटिमीटर, बैठे काम, व्यायाम नाही, वडिलांना मधुमेह. बेरीज होते २० + १० + ३० + १० = ७०. ६० किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे धोका जास्त आणि रक्त तपासणी आवश्यक. लोकलमध्ये दीड तास उभे राहणे हा व्यायाम नव्हे, हेही इथे लक्षात घ्यावे.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी काय पाहायला हवे?

‘यूकेपीडीएस’ या ब्रिटनमधील दीर्घकालीन अभ्यासात टाइप २ मधुमेहाचे नवे निदान झालेल्या जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये त्याच वेळी गुंतागुंतीच्या खुणा आढळल्या होत्या. कारण हा आजार अनेक वर्षे लक्षणांशिवाय मुरतो. म्हणून पहिल्या दिवसाची तपासणी डोक्यापासून पायापर्यंत असते.

प्रश्न : तहान, वारंवार लघवी, वजन घटणे, थकवा कधीपासून? घरात कुणाला मधुमेह, हृदयविकार? महिलांमध्ये गरोदरपणात साखर वाढली होती का? स्टेरॉइड किंवा अन्य औषधे सुरू आहेत का? तंबाखू, मिसरी, गुटखा, दारू? दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप? (मधुमेहात क्षयरोगाचा धोका दोन ते तीन पटींनी वाढतो, म्हणून हा प्रश्न.)

शरीर : उंची, वजन, कंबर, रक्तदाब. मान किंवा काखेत काळसर, मखमली पट्टा आहे का? इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. हिरड्या. आणि सर्वांत जास्त विसरले जाणारे म्हणजे पाय. मोजे काढून तळवे पाहणे, नाडी तपासणे, १० ग्रॅमच्या नायलॉन तंतूने स्पर्श कळतो का हे पाहणे. या तपासणीला काही मिनिटे पुरतात.

चाचण्या : एचबीए१सी, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन आणि त्यावरून मूत्रपिंडाची क्षमता, लघवीतील अल्ब्युमिन, यकृत, गरजेनुसार ईसीजी. डोळ्यांत थेंब टाकून पडद्याची तपासणी निदानाच्या वेळीच आणि नंतर साधारण दरवर्षी. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. मेटफॉर्मिन अनेक वर्षे सुरू असल्यास बी-१२ जीवनसत्त्वही पाहिले जाते.

दिवस कसा जातो, हा वैद्यकीय प्रश्न आहे का?

आहे. आणि उपचार टिकणार की नाही, हे बहुतेक वेळा याच प्रश्नावर ठरते. किती वाजता उठता, डबा कधी उघडता, पाळी बदलते का, घरी स्वयंपाक कोण करते, औषधावर महिन्याला किती खर्च झेपतो, झोप किती, हे सारे विचारावे लागते.

एक उदाहरण पाहू. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. सकाळी सहाला गोळी घेतली, नाश्ता राहिला आणि गाडी वाटेत रखडली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. कागदावर अचूक असलेले औषध त्या माणसाच्या घड्याळात बसत नाही. रात्रपाळीच्या कामगाराबाबतही तेच. त्याच्यासाठी ‘सकाळी’ आणि ‘रात्री’ हे शब्दच उलटे असतात. चिठ्ठीवर ‘१-०-१’ लिहिले असेल, तर पाळीच्या आठवड्यात त्याचा अर्थ काय, हे विचारून घ्यावे. वेळ सांगितली तर डॉक्टर औषध किंवा त्याची वेळ बदलू शकतात. गोळी मनाने बंद करणे हा मात्र उपाय नाही.

मधुमेह शिक्षणात काय येते?

जेवण : देशातील आहारावरील ‘इंडियाब’चा २०२५ मधील अभ्यास सांगतो, की भारतीयांच्या रोजच्या उष्मांकापैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. भाताऐवजी पोळी किंवा भाकरी केली, पण एकूण कर्बोदके तेवढीच राहिली, तर विशेष फायदा दिसत नाही, असेही त्यात आढळले. थोडक्यात, चार पोळ्यांऐवजी चार भाकऱ्या हा बदल पुरेसा नाही. ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबीर, पाव भाग डाळ, उसळ, पनीर, अंडी किंवा मासे आणि उरलेला पाव भाग पोळी, भाकरी किंवा भात, हे गणित लक्षात ठेवायला सोपे. सिंधी घरातील साईभाजी, म्हणजे पालक आणि चणाडाळ, या ताटात उत्तम बसते. दाल-पकवानातील तळलेल्या मैद्याच्या पकवानाला मात्र रोजच्या न्याहारीत जागा नाही. चाळीतील वडापावचेही तसेच.

उपवास : श्रावण, नवरात्र, महाशिवरात्र असो की सिंधी समाजाचा ४० दिवसांचा चालिहो, उपवासाआधी डॉक्टरांशी बोलून औषधांचे वेळापत्रक ठरवावे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपवासाला ‘हलके’ म्हणून खाल्लेली वाटीभर खिचडी साखर झपाट्याने वाढवते.

हालचाल : आठवड्याला किमान १५० मिनिटे वेगाने चालणे आणि दोन-तीन दिवस स्नायूंचा व्यायाम. एकदम अर्धा तास मिळत नसेल, तर प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटे. शिलाई मशीन किंवा संगणकासमोर बसणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाने उठावे.

साखर घसरल्यास : घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, चिडचिड ही लक्षणे. साखर ७० च्या खाली गेल्यास १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यात घालून प्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी आणि नंतर काहीतरी खावे. चॉकलेट किंवा बिस्किटाने साखर लवकर वाढत नाही. ग्लुकोजची पुडी खिशात ठेवावी. गर्दीच्या डब्यात रॅकवरच्या बॅगेपर्यंत हात पोहोचत नाही. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीच्या तोंडात काहीही न घालता १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

पाय : रोज रात्री तळवे आरशात पाहणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे, कुरूप ब्लेडने न कापणे, गरम पाण्यात पाय न बुडवणे. संवेदना कमी झालेल्या पायाला चटका कळत नाही. भर दुपारी अंबरनाथच्या शिवमंदिरात तापलेल्या दगडावरून अनवाणी चालायचे असेल, तर जाड मोजे घालावेत. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेल्यास घरी येताच पाय धुऊन, पुसून, जखम आहे का ते पाहावे.

आणीबाणी : जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस तासन् तास अडकली होती. २६ जुलै २००५ चा अनुभवही या पट्ट्याला आहे. पावसाळ्यात एक-दोन दिवसांची औषधे आणि चिठ्ठीचा फोटो सोबत असावा, हा सल्ला इथे अनाठायी नाही.

जांभळाच्या बिया आणि ‘इन्सुलिन म्हणजे शेवट’, यात तथ्य किती?

बदलापूर परिसर जांभळांसाठी ओळखला जातो. त्यामुळे जांभूळ बियांच्या चूर्णाने ‘शुगर पूर्ण बरी’ होते, हा समज इथे सहज रुजतो. मूठभर जांभळे फळ म्हणून खायला हरकत नाही. पण बियांच्या चूर्णाने औषधांची जागा घ्यावी, असा भक्कम पुरावा नाही. चूर्ण घेत असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये. खरा धोका चूर्ण सुरू करून गोळ्या बंद करण्यात आहे. साखर वाढते, पण त्रास जाणवत नाही आणि नुकसान डोळे, मूत्रपिंडे आणि पायांत साठत राहते.

दुसरी भीती इन्सुलिनची. आजार जुना होत जातो तशी स्वादुपिंडाची इन्सुलिन तयार करण्याची क्षमता घटत जाते. अशा वेळी इन्सुलिन सुरू होणे हा आजाराच्या वाटचालीचा भाग आहे, ती रुग्णाला झालेली शिक्षा नाही आणि त्याची सवयही लागत नाही. न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी, फ्रीझरमध्ये कधीच नाही. टोचण्याची जागा दरवेळी थोडी बदलावी.

रुग्णाला समजले, हे कसे ओळखायचे?

‘कळले ना?’ असे विचारले की बहुतेक जण मान डोलावतात. त्याऐवजी, ‘काका, घरी गेल्यावर काकूंना या गोळ्यांबद्दल काय सांगाल?’ असे विचारले, की कुठे गोंधळ आहे ते उघड होते. नव्याने इन्सुलिन घेणाऱ्याकडून समोरच डोस भरून घेणे हाही त्याचाच भाग. उल्हासनगरसारख्या शहरात मराठी, सिंधी आणि हिंदी बोलणारे रुग्ण एकाच रांगेत असतात. त्यामुळे समजावणे रुग्णाच्या भाषेत होणे हा उपचाराचाच भाग ठरतो. शक्य असल्यास स्वयंपाक करणारी व्यक्ती सोबत असावी.

एका भेटीत दहा नियम सांगण्यापेक्षा एक-दोनच ठरवावेत. ‘व्यायाम वाढवा’ याऐवजी ‘रात्री जेवल्यावर सोसायटीत तीन फेऱ्या’ असे ठरले, तर पुढच्या भेटीत ते जमले की नाही हे विचारता येते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार हे शिक्षण चार टप्प्यांवर हवे : निदानाच्या वेळी, दरवर्षी किंवा उद्दिष्ट गाठले जात नसताना, नवी गुंतागुंत उद्भवल्यास आणि नोकरी, घर किंवा उपचार बदलल्यास. मुंबईहून बदलापूरला राहायला आलेल्या रुग्णाचा प्रवास, जेवणाची वेळ आणि डॉक्टर तिन्ही बदलतात. म्हणजे चौथा टप्पा आलाच.

रोजची मोजमापे आणि पथ्ये यांचा मनावरही ताण येतो. कंटाळा, अपराधी वाटणे, सगळे सोडून द्यावेसे वाटणे, हेही डॉक्टरांना सांगण्याजोगे लक्षण आहे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

सरकारी पातळीवर कोणती सोय आहे?

असंसर्गजन्य आजारांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाबासाठी तपासणी अपेक्षित आहे. आशा स्वयंसेविका त्यासाठी घरोघरी प्रश्नावली भरतात. चारपेक्षा जास्त गुण आलेल्यांना तपासणीसाठी प्राधान्य मिळते. आशाताई दारात आल्या, तर ही पाच मिनिटे टाळू नयेत.

उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथला छाया रुग्णालय आणि बदलापूरला ग्रामीण रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. अंबरनाथचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही २०२४ मध्ये सुरू झाले. ईएसआयचे कार्ड असलेल्या कामगारांना त्या योजनेतूनही औषधे मिळू शकतात, तर इतरांना जनऔषधी केंद्रांतील जेनेरिक गोळ्यांचा पर्याय आहे.

पुढच्या भेटीला जाताना काय न्यावे?

आधीचे सर्व अहवाल, सुरू असलेल्या गोळ्यांची पाकिटे (चूर्ण-काढ्यांसह) आणि तीन दिवसांची नोंद : किती वाजता काय खाल्ले, गोळी कधी घेतली, कधी झोपलात. सोबत पाच प्रश्न. माझ्यासाठी एचबीए१सीचे उद्दिष्ट किती? (अनेकांसाठी ते ७ टक्क्यांच्या आत असते, वयोवृद्ध किंवा साखर वारंवार घसरणाऱ्यांसाठी थोडे सैल.) रक्तदाब १३०/८० च्या आत आहे का? या वर्षी माझे पाय, डोळ्यांचे पडदे आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासले गेले का? जेवण चुकले किंवा ताप-उलट्या झाल्या, तर कोणती गोळी घ्यायची, कोणती थांबवायची? पुढची एचबीए१सी कधी?

यूकेपीडीएसच्या विश्लेषणानुसार एचबीए१सी एका टक्क्याने कमी असल्यास डोळे, मूत्रपिंडे यांसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांशी निगडित गुंतागुंत सुमारे ३७ टक्क्यांनी, तर मधुमेहाशी संबंधित मृत्यू सुमारे २१ टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे ९ वरून ८ वर येणे हेही मोठे यश आहे. ते टिकवण्यासाठी औषध, ताट आणि रोजचे वेळापत्रक या तिन्हींचा मेळ बसवावा लागतो. या पाच प्रश्नांपैकी ज्याचे उत्तर माहीत नाही, तो पुढच्या भेटीत सर्वांत आधी विचारावा.